नुसतं बघायला आलोय

सरकारी कचेरीत माणूस जातो तो काहीतरी मागायला, नाहीतर काहीतरी भरायला. नुसतं बघायला म्हणून कचेरीत जाणारा एकच मनुष्य मी आजवर पाहिला, आणि तो माझ्याच बायकोचा मामा निघाला. इतर माणसं संध्याकाळी मारुतीच्या देवळात जातात तसे हे सकाळी अकराला म्युनिसिपालटीत जात. धुतलेलं धोतर, गळाबंद कोट, काळी टोपी, हातात छत्री. दाराशी क्षणभर थांबून सगळ्या टेबलांवरून एकदा मायेने नजर फिरवत आणि मगच आत पाऊल टाकत. एकदा म्हणे त्यांनी वहाणाही बाहेर काढल्या होत्या. फरशी नुकतीच पुसलेली होती, एवढंच त्याचं कारण. पण गावात गोष्ट पसरली ती भक्तीची म्हणून, आणि मामांनीही ती कधी खोडून काढली नाही.

गावाचं नाव मी सांगत नाही, कारण त्या कचेरीतली काही मंडळी अजून पेन्शन खात आहेत आणि त्यांतली दोघंतिघं मला बाजारात भेटतात. ठाणं आणि कल्याण यांच्या दरम्यान कुठेतरी ते आहे, एवढं पुरे. रुळांनी गावाचे दोन तुकडे केलेले. पलीकडच्या तुकड्यात कचेरी, बाजार, शाळा आणि गावातला एकुलता एक डॉक्टर. अलीकडच्या, पश्चिमेच्या तुकड्यात आमची आळी, तिच्या मागे आगऱ्यांची घरं, पुढे भातशेती आणि मग खाडी. दोहोंच्या मध्ये रेल्वेचं फाटक. कल्याणच्या यार्डात जागा नसली की मालगाड्या नेमक्या या फाटकात येऊन उभ्या राहत आणि केव्हा हलतील ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. डब्यांखालून वाकून पलीकडे जाणारे धीट लोक गावात होते. मी त्यांतला नव्हतो.

मामा टपालखात्यात सॉर्टर होते. उभा जन्म दुसऱ्यांची बंद पाकिटं हाताळण्यात गेलेला. कुणाचं लग्न ठरलंय, कुणाचे वडील आजारी आहेत, कुणाची नोकरी सुटली आहे, हे सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं आणि वाचायला मात्र सक्त मनाई. त्यांनी एकही पाकीट कधी उजेडासमोर धरून पाहिलं नसेल याची मला खात्री आहे. पण त्या उपासाचा परिणाम असा झाला की यापुढे उघडं असेल ते सगळं वाचून काढायचं, असा त्यांनी निवृत्त होताना निश्चय केला. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या नोटिसा, वाण्याच्या पुडीचा कागद, काही म्हणून सुटत नसे. त्यांची निवृत्ती आणि देशाचं स्वातंत्र्य एकाच सुमारास आलं. साऱ्या गावाने झेंडावंदन केलं, पेढे खाल्ले आणि गाव आपापल्या घरी गेलं. मामा मात्र पेढा हातात धरून विचार करत बसले की राज्य आपलं झालं म्हणजे नेमकं काय काय आपलं झालं. घरात बसून याचा उलगडा होईना, तेव्हा पुढच्याच सोमवारी ते कचेरीत गेले.

हा प्रसंग मी पुढे खुद्द हेडक्लार्कांच्या तोंडून ऐकला. ठेंगणे, पानाचे शौकीन असे हे गृहस्थ. त्यांनी नेहमीप्रमाणे मान वर न करता विचारलं, काय काम आहे.

"काम नाही. नुसतं बघायला आलोय," मामा म्हणाले.

"काय बघायला?"

"आपलं काय काय आहे ते."

हेडक्लार्कांच्या तोंडातलं पान जागच्या जागी थांबलं. नवं राज्य, नवे साहेब. काम सांगत नाही म्हणजे हा नक्की वरून तपासणीला पाठवलेला माणूस, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, चार कपाटं उघडून दाखवली आणि पाचवं का उघडता येत नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. सगळं मनासारखं पाहून झाल्यावर मामांनी आपण पश्चिमेच्या आळीत राहतो आणि घरपट्टी वेळेवर भरतो, असं सांगितलं. तोवर चहा पिऊन झाला होता, आणि प्यायलेला चहा परत घेण्याची सोय कुठल्याच कचेरीत नसते. कपाटं तेवढी भराभर बंद झाली.

त्यानंतर मामांनी मुंबईला जाऊन सरकारी पुस्तकांच्या डेपोतून म्युनिसिपालटीचा कायदाच विकत आणला आणि देवघरात पोथ्यांच्या शेजारी ठेवला. मामींनी हरकत घेतली. मामा म्हणाले, त्या पोथ्यांत मेल्यावर काय मिळेल ते लिहिलंय, यात जिवंतपणी काय मिळेल ते. मामींनी कायदा एका बाजूला सरकवून मध्ये गंगेचा गडू ठेवला आणि तडजोड झाली. त्या कायद्यातली दोन कलमं मामांना तोंडपाठ होती. एक, म्युनिसिपालटीची सभा लोकांना खुली असते. दुसरं, सभेत काय ठरलं ते लिहून ठेवलेलं पुस्तक कर भरणाऱ्या कुठल्याही माणसाला बघता येतं. कुणी घरी आलं की ही कलमं ते श्लोकासारखी म्हणून दाखवत, आणि पाहुणे घाईघाईने पाणी मागत.

पण दुसऱ्याला उघडं करायला सांगायचं तर आपणही काही झाकून ठेवता कामा नये, असा मामांचा न्याय होता. म्हणून त्यांनी एका मोडीत निघालेल्या शाळेचा फळा आणून आपल्या दाराबाहेर टांगला आणि घरातला कारभार त्यावर रोज खडूने जाहीर करायला सुरुवात केली. आज कोण येणार, कोण जाणार, भाजी कसली, सगळं. 'सकाळी मतभेद झाला. विषय: लोणच्याची बरणी. निर्णय मामींच्या बाजूने.' असली नोंद वाचून दूधवाला आत येताना जपून हाक मारी. 'श्रीखंड' असं लिहिलं की लांबचे नातेवाईक त्याच दिवशी वाट वाकडी करून येत. मामी संतापून ओल्या फडक्याने फळा पुसत, मामा तो वाळेपर्यंत शांतपणे बसत आणि मग पुन्हा तेच लिहीत. एकदा मामींनीच श्रीखंडाच्या दिवशी खडू घेऊन 'पिठलं' असं लिहून टाकलं. मामांनी ते खोडलं नाही. खाली फक्त बारीक अक्षरात 'ही नोंद तपासून पाहावी' एवढं जोडलं. त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट पाहुणे आले.

माझी आणि मामांची पहिली गाठ या फळ्यावरच पडली. ही, म्हणजे माझी बायको, आईवेगळी, मामा-मामींनीच वाढवलेली. वडिलांबरोबर मी ठाण्याहून हिला बघायला गेलो, तेव्हा दाराशी आम्हाला वाचायला मिळालं: 'आज चार वाजता ठाण्याचे स्थळ येणार. मुलगा विमा कंपनीत. स्वभाव शांत असल्याचे समजते. उंची बेताची. पोहे.' वडील तिथूनच परत फिरायला निघाले होते. मला मात्र त्या शेवटच्या शब्दाने हसू फुटलं आणि हसत हसतच मी आत गेलो. आत मामांनी समोर बसून सांगायला सुरुवात केली की मुलगी पहाटे उठत नाही, तिच्या हातून दूध उतू जातं, गाते बरी पण सांगितल्यावर गात नाही. झाकण्यासारखं होतं ते मीच सांगितलं, बाकीचं तुम्ही विचारा, असं वर म्हणाले. त्या वेळी माजघराच्या दारातून हिने मामांकडे जे पाहिलं, ते पाहून विचारण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नाही. ठाण्याचं घर आम्हा भावंडांना अपुरं होतं, म्हणून लग्नानंतर आम्ही याच आळीत दोन खोल्या घेतल्या आणि मी मामांच्या रोजच्या पाहण्यातला झालो.

मामांचं खरं वैभव मात्र सभेच्या दिवशी दिसे. सभागृहात लोकांसाठी म्हणून भिंतीला लागून एक बाक होता. त्यावर लोक कधीच बसले नव्हते, त्यामुळे सभासद आपल्या छत्र्या त्यावर ठेवत. मामांनी पहिल्या दिवशी त्या सगळ्या छत्र्या उचलून खिडकीत नीट ओळीने लावल्या, घरून आणलेली उशी बाकावर घातली आणि बसले. सभासदांत कुजबुज झाली. अध्यक्ष म्हणजे एक भारदस्त, जरा कंटाळलेले वकील होते. त्यांनी कायदा मागवून पाहिला आणि बसू द्या म्हणाले, बोलायचं मात्र नाही. मामा बोलले नाहीत. त्यांना फक्त खोकला यायचा. ठराव भरभर वाचला गेला आणि त्यातलं काही त्यांना कळलं नाही, की तो हटकून यायचा. सभागृह लहान, मामांची छाती दणकट, हेडक्लार्क वाचता वाचता अडखळत आणि अध्यक्ष वर न बघता म्हणत, "परत वाचा." पुढे पुढे सगळ्यांना याची इतकी सवय झाली की मामा यायच्या आधी हेडक्लार्क वाचायला उभेच राहत नसत. एका सभासदांनी त्यांना खडीसाखर देऊन पाहिली. मामांनी ती आभार मानून खाल्ली आणि पुढच्याच ठरावाला खोकले.

हे सगळं मी गमतीने पाहत होतो, गमतीनेच कंपनीत जाऊन सांगत होतो. म्हाताऱ्याला वेळ जात नाही, असं माझंही मत होतं. ते कधी बदललं ते सांगायचं तर जे सांगावंसं वाटत नाही तेही सांगायला हवं. आमचं पहिलं मूल गेलं. हिचे दिवस भरले तेव्हा अलीकडच्या बाजूला फक्त एक सुईण होती. ती बिचारी तिच्या परीने झटली आणि मग मला म्हणाली, डॉक्टरला आणा. मी धावत गेलो तर फाटकात मालगाडी. त्या दिवशी मी पहिल्यांदा डब्याखालून वाकून पलीकडे गेलो. डॉक्टर वयस्क होते, त्यांना वाकून येता येईना. ते बॅग घेऊन फाटकाशी उभे राहिले आणि मी त्या डब्यांकडे बघत त्यांच्या शेजारी. गाडी हलली, आम्ही पोचलो, तोवर मूल राहिलं नव्हतं. ही कशीबशी वाचली. त्या दिवशी मामांचा फळा कोरा होता. एरवी तो दिवसभर कोरा राहिलेला मी कधी पाहिला नाही.

पुढच्या वर्षी म्युनिसिपालटीने अलीकडच्या बाजूला एक छोटा दवाखाना काढला. दोन खोल्या, एक कंपाउंडर आणि मागच्या खोलीत कायम राहणाऱ्या नर्सबाई. प्रौढ, कमी बोलणाऱ्या, आणि त्यांचा हात बाळंतिणीला लागला की अर्धी भीती जाते असं आळीतल्या बायका म्हणत. हिला पुन्हा दिवस गेले ते त्या नर्सबाईंच्या भरवशावर. मी देवाचं नाव घेत असे, पण मनात चित्र यायचं ते त्या मागच्या खोलीचं. आळीतून हाकेच्या अंतरावर, फाटकाच्या अलीकडे.

मामा-मामींनी हिच्यासाठी टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलला होता. सातवा महिना लागला तशी त्यांनी दर्शनाला जायचं ठरवलं आणि रिवाजाप्रमाणे आठ दिवस आधी फळ्यावर लिहिलं: 'गुरुवारी आम्ही उभयता टिटवाळ्यास जाणार. संध्याकाळपर्यंत घर बंद. चोरांनी श्रम घेऊ नयेत, नेण्यासारखे काही नाही.' गुरुवारी दोघं गेली, दर्शन करून आली, हिच्या हातावर प्रसाद ठेवला. आणि दोन दिवसांनी नर्सबाईंनी हिला हळूच सांगितलं की गुरुवारच्या सभेत दवाखाना पलीकडे बाजाराजवळ न्यायचं ठरलंय, मलाही जावं लागणार. ही घरी आली ती भिंतीला टेकून बसली. मला म्हणाली, "परत ते फाटक मध्ये येणार हो." एवढंच बोलली आणि पदर तोंडाला लावला.

मी मामांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, कोट चढवला आणि कचेरीत गेले. सभेच्या पुस्तकातलं गुरुवारचं पान बघायचंय, असं त्यांनी हेडक्लार्कांना सांगितलं. कशाला बघायचंय, असं हेडक्लार्कांनी विचारलं, त्यावर मामांचं उत्तर तयार होतं.

"कशाला ते सांगायचं बंधन कायद्यात नाही. तुम्ही दाखवायचं बंधन आहे."

मग कपाटाची किल्ली घरी राहिली. दुसऱ्या दिवशी किल्ली आली, पण पुस्तक सहीला गेलं. ते सहीहून आलं तर लिहिणारे कारकून रजेवर. मामा चिडले नाहीत. रोज सकाळी डबा घेऊन जायचे, हेडक्लार्कांसमोरच्या स्टुलावर बसायचे, त्यांच्या नातवाच्या खोकल्याची चौकशी करायचे, त्यांना अडुळशाचा काढा नेऊन द्यायचे, आणि संध्याकाळी उठताना म्हणायचे की उद्या येतो बघायला. एवढ्या सभ्य माणसाला खोटं सांगणं हे रोजचं काम होऊन बसलं की कुणीही थकेल. हेडक्लार्क थकले. त्यांनी एका दुपारी पुस्तक मामांपुढे उघडून ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मामा, ती सभा खरी मंगळवारची होती. तुमच्या फळ्यावर वाचलं, तुम्ही गुरुवारी गावात नाही. मग ती गुरुवारी ठेवली."

ठरावात दवाखाना हलवण्याचं कारण दिलं होतं: पश्चिमेकडील वस्ती विरळ व निरोगी असल्याने. दवाखाना जाणार होता तो एका सभासदांच्या रिकाम्या पडलेल्या चाळीत. पण ते कारण कुणी लिहिलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती, ती चाळ सगळ्यांना दिसत होती.

मामा घरी आले, त्यांनी झालं ते आम्हाला सांगितलं आणि ते कोट न काढताच देवघराशी टेकले. मामी तिकडे कांदा चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला सारली आणि आतातरी तो फळा काढा म्हणाल्या. मीही त्यांचीच री ओढली. आपण आपलं सगळं सांगत बसायचं आणि लोकांनी त्याचाच फायदा घ्यायचा, हा कुठला व्यवहार, असं काहीसं मी रागाने बोललो. मामांनी कायद्याच्या पुस्तकाकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"जावईबापू, फळा काढला तर त्यांच्यात नि माझ्यात फरक काय राहिला? फळ्याचं चुकलेलं नाही. तो एकट्या घरापुरता राहिला, हे चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर भाजी नव्हती. मोठ्या, टपाली अक्षरात लिहिलं होतं: 'आपला दवाखाना फाटकापलीकडे नेण्याचे ठरले आहे. कारण: आपण निरोगी आहोत. येत्या सभेत हा ठराव वाचून कायम होईल. सभा लोकांना खुली आहे. आपण निरोगी नाही असे ज्यांना वाटत असेल त्यांनी दुपारी चार वाजता येऊन बसावे. बोलण्यास परवानगी नाही. खोकण्यास हरकत नाही.' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मामांनी स्वतः उभं राहून वाचून दाखवलं. मामींनी त्या फळ्याला फडकं लावलं नाही. उलट वाऱ्या-धुळीने अक्षरं पुसट झाली तेव्हा त्याच खडू घेऊन ती गिरवताना मला दिसल्या.

सभेच्या दिवशी मी अर्धी रजा घेतली. मामा आणि मी आधी गेलो. मामी आळीतल्या मंडळींना घेऊन मागून येणार होत्या, आणि नको नको म्हणत असताना हीही त्यांच्याबरोबर निघाली होती. चार वाजले. सभासद आले, अध्यक्ष आले, बाकावर मामा आणि मी. बाकी कुणी नाही. मी खिडकीतून लांबवर पाहिलं. फाटकात मालगाडी येऊन उभी होती.

अध्यक्षांनी सुरुवात करायला सांगितली. हेडक्लार्क उभे राहून मागच्या सभेचं कामकाज वाचू लागले आणि मामा खोकले. "परत वाचा." हेडक्लार्कांनी परत वाचलं. मामा पुन्हा खोकले. गटाराच्या ठरावाला खोकले, कंदिलाच्या काचांना खोकले, गेल्या सभेला कोण हजर होतं त्या नावांनाही खोकले. ते सभासद, रिकाम्या चाळीचे मालक, वैतागून म्हणाले की यांना बाहेर घालवा. अध्यक्ष म्हणाले, खोकल्याबद्दल कायद्यात काही नाही. मामांचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला उमगलं की आताचा खोकला खोटा राहिलेला नाही. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि कान त्या गाडीच्या शिट्टीकडे लावले होते. हेडक्लार्कांनीही, का कोण जाणे, इतकं सावकाश वाचलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दवाखान्याच्या ठरावाशी ते पोचले आणि शिट्टी झाली. 'निरोगी' हा शब्द तिसऱ्यांदा वाचला जात असताना दारात माणसं दिसू लागली. आमची आळी आली, आगऱ्यांच्या बायका आल्या, दम्याचे म्हातारे, हिवतापाने पिवळी पडलेली माणसं, कडेवर किरकिरणारी पोरं. भिंतीला धरून सगळी जमिनीवर बसली आणि ज्यांना खोकला होता ते खोकले. शेवटी मामींचा हात धरून ही आली, आठव्या महिन्याच्या पोटावर पदर ओढून घेत. मामा उठले आणि आपल्या उशीवर त्यांनी हिला बसवलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. सभा चारची होती, तुम्ही लोक आत्ता येताय, असं ते जरा त्राग्यानेच म्हणाले. बोलायची परवानगी नाही हे फळ्यावर लिहिलेलं होतं, म्हणून सगळे गप्प. पण दाराशी बसलेल्या एका आगरी म्हातारीने तो फळा वाचलेला नव्हता.

"फाटकान मालगारी उबी होती रं बाबा," ती म्हणाली. "येवाचा कसा?"

अध्यक्षांनी म्हातारीकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि मग हेडक्लार्कांच्या हातातल्या पुस्तकाकडे. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवायला फार वेळ घेतला. मग म्हणाले, "हा ठराव कायम करायचा नाही. दवाखाना आहे तिथे राहील." ते चाळवाले सभासद तुळया न्याहाळत बसले होते. त्यांनी विरोध केला नाही. इतक्या डोळ्यांपुढे तो करणार तरी कसा. येताना मामा वाटेत एकच वाक्य बोलले, की आज बाक अपुरा पडला.

आमची मुलगी चैत्रात झाली. ऐन दुपारी हिचं बाळंतपण अडलं. नाळ बाळाच्या गळ्याभोवती होती. नर्सबाईंनी काय केलं ते मला माहीत नाही. मी बाहेर दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. समोर फाटकात मालगाडी उभी होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे न घाबरता पाहिलं, कारण मला पलीकडे जायचंच नव्हतं. आतून रडणं ऐकू आलं. नर्सबाई बाहेर येऊन म्हणाल्या की थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. माझ्या शेजारी मामा बसले होते. मला त्यांचे पाय धरायचे होते, पण मी नुसताच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडलो, आणि ते आपल्या टोपीशी चाळा करत राहिले. संध्याकाळी फळ्यावर नोंद आली: 'मुलगी झाली. आई व मूल सुखरूप. वजन दवाखान्यात बघावयास मिळेल.' आणि त्याखाली मामींच्या अक्षरात: 'पेढे आत आहेत.'

आज मुलगी शाळेत जाते. अक्षरं ती शाळेत जाण्यापूर्वीच त्या फळ्यावर शिकली, त्यामुळे तिला 'अ' अननसाचा ठाऊक नव्हता, 'मतभेद' मात्र वाचता यायचा. मामा गेल्या वर्षी गेले. आजारातही ते आपल्या प्रकृतीचं रोजचं पत्रक माझ्याकडून फळ्यावर लिहून घेत. 'ताप उतरला. भेटीस येणाऱ्यांनी संत्री आणू नयेत, पुष्कळ झाली आहेत.' शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना आणि मला काय ते स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावून लिहायला सांगितलं: 'आज बरे वाटते.' मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "लिहा. पोरगी सकाळी उठल्याबरोबर तेच वाचते." त्यांनी फळ्यावर केलेली ही एकच खोटी नोंद, आणि ती माझ्या अक्षरात आहे. मामींनी ती अजून पुसलेली नाही.

परवा सभा होती. मी कंपनीतून लवकर निघून, गाडीतून उतरलो तो तसाच कचेरीत गेलो. बाकावर पुन्हा छत्र्या आल्या होत्या. मी त्या उचलून खिडकीत ओळीने लावल्या आणि बसलो. मामांची उशी आणायचं सुचलं नव्हतं, बाक चांगलाच टोचत होता. अध्यक्ष तेच, आता केस पुरते पिकलेले. हेडक्लार्क या महिन्याअखेर निवृत्त होणार आहेत. ते उभे राहून शाळेच्या इमारतीबद्दल काहीतरी भरभर वाचून गेले. मला त्यातलं काही कळलं नाही. मी जरा संकोचाने, हळूच खोकलो.

अध्यक्षांनी मान वर केली नाही.

"परत वाचा," ते म्हणाले.

हेडक्लार्कांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, मिनिटभर बाकाकडे पाहिलं आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला सुरुवात केली.